ग्राफिक्स कार्ड घेताना एनव्हीडिया, एएमडी आणि इंटेलची फीचर्स कशी ताडून बघायची, आणि कंपनी बदलली तर कार्ड कोणत्या क्रमाने बसवायचं

'एनव्हीडिया घेऊ की एएमडी' हा प्रश्न मला सारखा विचारला जातो आणि हल्ली त्यात 'इंटेलचं आर्क कसंय' हेही असतं. प्रश्न बरोबरच आहे, पण बहुतेक जण उत्तर शोधतात ते उलट्या क्रमाने. आधी खोक्यावरची फीचर्सची नावं वाचतात, मग कुठलातरी उंच बार असलेला ग्राफ बघतात, कार्ड घेतात, आणि घरी आल्यावर कळतं की मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे (सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो), पॉवर सप्लायला हव्या तेवढ्या वायरीच नाहीत आणि ज्या फीचरसाठी जास्तीचे पैसे मोजले ते आपण रोज खेळतो त्या गेममध्ये दिलेलंच नाहीये. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितोय, मधली पायरी गाळू नका, कारण पुढच्या पायरीचं उत्तर बऱ्याचदा आधीच्या पायरीवर ठरतं.

## १. कार्ड बघायच्या आधी स्वतःचा पीसी लिहून काढा

एक कागद घ्या, खरंच घ्या, आणि त्यावर हे लिहा: मॉनिटरचं रिझोल्युशन, त्याचा जास्तीत जास्त रिफ्रेश रेट (हर्ट्झमध्ये), त्याला डिस्प्लेपोर्ट आहे की फक्त एचडीएमआय, पॉवर सप्लाय किती वॉटचा आणि त्यातून ८ पिनच्या किती वेगळ्या केबल निघतात, कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती मिलिमीटर जागा आहे, प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता. आणि शेवटी तुम्ही गेल्या ३ महिन्यांत खरोखर खेळलेले ५ गेम. पुढे कधीतरी खेळू म्हणून ठेवलेले नाही, खेळलेले.

हे ५ गेम सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन बघा, अपस्केलिंगच्या (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून दाखवण्याच्या) यादीत काय काय दिसतंय. समजा ५ पैकी ४ गेम स्पर्धात्मक शूटर आहेत जे तुम्ही लो सेटिंगवर खेळता, तर रे ट्रेसिंगवरची (प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढण्याची पद्धत) निम्मी चर्चा तुमच्यासाठी तिथेच संपली.

तपासा: सध्याच्या कार्डावर गेम चालू असताना जीपीयूचा (कार्डावरच्या चिपचा) वापर किती टक्के दिसतो? तो ९५ च्या आसपास असेल तर अडतंय ते कार्डापाशीच. पण ६०-७० वरच घुटमळत असेल आणि तुम्ही एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कुठे कॅप, म्हणजे मर्यादा, लावलेली नसेल, तर अडतंय प्रोसेसरपाशी, तिथे कोणत्याही कंपनीचं नवं कार्ड टाकून फारसा फरक पडणार नाही.

## २. 'ब्रँड' म्हणजे चिप की बोर्ड, हे आधी वेगळं करा

दुकानात लोक 'एसुसचं घेऊ की सफायरचं' असं विचारतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. चिप बनवणाऱ्या कंपन्या ३: एनव्हीडिया, एएमडी, इंटेल. डीएलएसएस, एफएसआर, एक्सइएसएस (तिघांची अपस्केलिंगची फीचर्स), ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), रे ट्रेसिंगची ताकद, हे सगळं चिपसोबत येतं. एसुस, गिगाबाइट, झोटॅक, सफायर, पॉवरकलर वगैरे मंडळी त्या चिपवर बोर्ड, कूलर आणि पंखे बसवून विकतात. सफायर आणि पॉवरकलर एएमडीची कार्डं बनवतात, झोटॅक मुख्यतः एनव्हीडियाची, एसुस आणि गिगाबाइट दोन्हींची.

म्हणजे आधी चिप ठरवायची आणि मग बोर्ड. बोर्डांमध्ये बघण्यासारखं असतं ते कूलर किती मोठा, पंख्याचा आवाज कसा, कमी तापमानाला पंखे पूर्ण थांबतात का, आणि वॉरंटी. फॅक्टरी ओव्हरक्लॉकने (कंपनीनेच चिपचा वेग थोडा वाढवून दिल्याने) मिळणारे जास्तीचे एफपीएस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, त्यासाठी वरच्या चिपच्या किमतीला टेकणारं महागडं मॉडेल घेणं मला कधीच पटलेलं नाही.

थांबा: नाव एक पण कार्ड दोन, असं सर्रास असतं. एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०५० हे ८ जीबी मेमरीत येतं आणि ६ जीबीतही, पण ६ जीबीवाल्यात कोअरसुद्धा (चिपमधले काम करणारे भाग) कमी आहेत. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं १९२ बिट मेमरी बसचं (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता), ८ जीबीवालं १२८ बिटचं. आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात. तुम्ही बघितलेला रिव्ह्यू नेमका कुठल्या मेमरीच्या कार्डाचा होता ते पाहूनच पुढे जा.

## ३. अपस्केलिंग: सारख्या नावाचे मोड सारखे नसतात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबतो.

अपस्केलिंग म्हणजे गेम कमी रिझोल्युशनला रेंडर करायचा आणि मोठा करून दाखवायचा. एनव्हीडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं, म्हणजे २०१८ च्या २० सिरीजपासून पुढे, जीटीएक्सवर नाही. एएमडीचं एफएसआर २ आणि ३ कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, पण मशीन लर्निंगवर बेतलेलं एफएसआर ४ मार्च २०२५ मध्ये आलं ते आरएक्स ९००० सिरीजसाठी. इंटेलचं एक्सइएसएस सगळ्यांच्या कार्डांवर चालतं, मात्र आर्क कार्डावर ते चिपमधले खास एक्सएमएक्स कोअर वापरतं आणि इतरांच्या कार्डावर साधी आवृत्ती चालते, जिचं चित्र तितकं स्वच्छ नसतं.

म्हणजे 'या गेममध्ये एफएसआर आहे' एवढ्यावरून काही कळत नाही, कोणतं एफएसआर, आणि तुमच्या कार्डावर त्यातलं कोणतं चालेल ते बघावं लागतं. एफएसआर २ आणि एफएसआर ४ यांत एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी म्हणाव्यात इतका फरक आहे, बारीक तारा, जाळ्या, केस, पानं यांवर तो लगेच दिसतो. एफएसआर ३.१ असलेल्या बऱ्याच गेममध्ये आरएक्स ९००० कार्डावर ड्रायव्हरमधून एफएसआर ४ चालू करता येतं. ती सोय जुन्या, फक्त एफएसआर २ असलेल्या गेमला नाही.

आता मोडकडे या. डीएलएसएस आणि एफएसआरमध्ये क्वालिटी मोड म्हणजे आतलं चित्र दोन्ही बाजूंना १.५ पट मोठं करणं, बॅलन्स्ड १.७ पट, परफॉर्मन्स २ पट. पण एक्सइएसएस १.३ पासून इंटेलने हे आकडे सरकवले, तिथे क्वालिटी म्हणजे १.७ पट, बॅलन्स्ड २ पट, परफॉर्मन्स २.३ पट आणि १.५ पटीच्या मोडचं नाव अल्ट्रा क्वालिटी. याचा अर्थ १४४० पी स्क्रीनवर डीएलएसएस किंवा एफएसआर क्वालिटी आतून ९६० पी रेंडर करतात आणि एक्सइएसएस क्वालिटी साधारण ८४७ पी. साहजिकच एक्सइएसएसचे एफपीएस जास्त दिसणार आणि चित्र थोडं मऊ.

मी स्वतः यात फसलो होतो. एका गेममध्ये लोखंडी जाळीच्या कुंपणासमोर उभा राहिलो, मागे झाडं, आणि एक्सइएसएस आणि दुसरा अपस्केलर दोन्हीकडे 'क्वालिटी' लावून कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवला. एक्सइएसएसमध्ये जाळीच्या मागच्या फांद्या हलताना तुटक दिसत होत्या, एफपीएस मात्र वर होते. मी मनाशी निकालही लावून मोकळा झालो होतो. मग मोडमागचे आकडे कळले, एक्सइएसएस अल्ट्रा क्वालिटीवर नेलं, तर एफपीएस जवळपास बरोबरीला आले आणि फांद्याही सरळ झाल्या. म्हणून तुलना करताना मोडचं नाव नाही, आतलं रिझोल्युशन जुळवा.

तपासा: स्थिर स्क्रीनशॉट बघून अपस्केलर ठरवू नका. कॅमेरा फिरवा, पात्र पळवा, पावसात किंवा गवतात जा. दोष दिसतात ते हालचालीत.

आणखी एक, १०८० पी मॉनिटरवर क्वालिटी मोड म्हणजे आतून फक्त ७२० पी. तिथे अपस्केलरच्या दर्जाला जास्त महत्त्व येतं. ४के वर आतूनच १४४० पी मिळत असल्याने साधा अपस्केलरही बऱ्यापैकी निभावून नेतो. लोक नेमका उलटा समज करून बसतात.

## ४. फ्रेम जनरेशनचे आकडे तुलनेतून बाहेर काढा

डीएलएसएस ३ सोबत २०२२ मध्ये आलेलं फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेल्या फ्रेम घालणं) आरटीएक्स ४० पासून पुढेच चालतं आणि एका खऱ्या फ्रेममागे ३ बनवलेल्या फ्रेम घालणारं मल्टी फ्रेम जनरेशन आरटीएक्स ५० वर. एएमडीकडे एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन आहे जे इतरांच्या कार्डावरही चालतं, शिवाय गेममध्ये सोय नसली तरी ड्रायव्हरमधून लागणारं एएफएमएफ. इंटेलने एक्सइएसएस २ मध्ये स्वतःचं आणलं.

सगळी चांगली कामाची आहेत, मी वापरतो. पण हे फ्रेम दोन खऱ्या फ्रेमच्या मधे भरलेले असतात, तुमच्या माउसची हालचाल त्यांत नसते. खरे एफपीएस ३० असतील तर खऱ्या फ्रेममधलं अंतर ३३ मिलिसेकंद, मग स्क्रीनवर १२० लिहून आलं तरी हाताला ते ३० सारखंच जड लागतं, उलट पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागत असल्याने थोडं जास्तच जड. खरे ६० असतील तर तेच फीचर छान वाटतं.

त्यामुळे २ कार्डांची तुलना करताना दोन्हीकडचं फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडे शोधा आणि सरासरीसोबत १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचे एफपीएस) सुद्धा बघा. कंपनीच्या ग्राफखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, एका बारला ४ पट आणि दुसऱ्याला २ पट किंवा काहीच नाही असं असतं.

माझ्या मावसभावाने असाच एक ग्राफ बघून कार्ड घेतलं, त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारं सेटिंग) चालू, वर फ्रेम जनरेशन चालू, म्हणजे स्क्रीनवर ६० आणि त्यातले खरे फक्त ३०. 'दादा, नवीन कार्ड जुन्यापेक्षा स्लो वाटतंय' असा त्याचा फोन आला. फ्रेम जनरेशन बंद करायला सांगितलं, तेवढ्यानेच त्याचा गेम सुधारला.

थांबा: फ्रेम जनरेशन स्वतः व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) खातं. ८ जीबीच्या कार्डावर आधीच मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर ते चालू केल्यावर गेम अडखळू लागतो.

## ५. व्हीरॅम, रे ट्रेसिंग आणि लेन

व्हीरॅम पुरत असेल तोवर काहीच जाणवत नाही आणि संपली की सगळंच जाणवतं, झटके येतात, टेक्स्चर धूसर राहतात. नवीन मोठे गेम १४४० पी ला हाय टेक्स्चरवर खेळायचे असतील तर मी ८ जीबी सुचवत नाही, कंपनी कुठलीही असो. रे ट्रेसिंगही व्हीरॅम मागतं, म्हणजे 'रे ट्रेसिंगसाठी घेतोय' म्हणून ८ जीबीचं कार्ड घेणं हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

रे ट्रेसिंगमध्ये एनव्हीडिया पुढे आहे, विशेषतः पूर्ण पाथ ट्रेसिंग (सगळा प्रकाश रे ट्रेसिंगनेच काढणं) असलेल्या गेममध्ये. एएमडीने आरएक्स ९००० मध्ये बरंच अंतर कापलं, पण आरएक्स ६००० आणि ७००० मध्ये ते अंतर मोठंच होतं. जुनं कार्ड घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.

लेनकडे, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटांकडे, कुणी बघत नाही. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६००, आर्क बी५८० ही सगळी ८ लेनची कार्डं आहेत आणि आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेनचं. मदरबोर्डचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा असेल तर त्या लेनही निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने चालतात, आणि हा फटका सगळ्यात जास्त बसतो तो व्हीरॅम ओसंडून डेटा मुख्य रॅमकडे जायला लागल्यावर. जुना बोर्ड आणि कमी व्हीरॅम ही जोडी टाळा.

आर्कसाठी खास तपासा: आर्क कार्डाला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं मदरबोर्डचं सेटिंग) लागतोच, नसेल तर कामगिरी खूप पडते. इंटेल १० वी पिढी किंवा रायझन ३००० च्या आधीचा प्रोसेसर असेल तर आर्कचा विचार सोडा. आणि बी५८० चा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो हेही दिसलेलं आहे, त्यामुळे वरच्या दर्जाच्या प्रोसेसरवर केलेल्या रिव्ह्यूचे आकडे तुमच्या मध्यम, जुन्या प्रोसेसरवर मिळतील असं धरून चालू नका.

## ६. मॉनिटर, लॅग आणि इतर कामं

मॉनिटरवर फ्रीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश रेट कार्डाच्या एफपीएसशी जुळवणारं एएमडीचं फीचर) लिहिलंय म्हणून एनव्हीडिया कार्ड चालणार नाही, हा समज आता जुना झाला. जानेवारी २०१९ पासून एनव्हीडिया कार्डं डिस्प्लेपोर्टवरून अडॅप्टिव्ह सिंक (फ्रीसिंकमागचं खुलं तंत्र) मॉनिटर चालवतात. अडचण येते ती एचडीएमआयला. एएमडी जुन्या एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक देतं, एनव्हीडियाला तिथे साधारणपणे एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (तसंच काम करणारी सोय) लागतं. फक्त जुना एचडीएमआय असलेला फ्रीसिंक मॉनिटर असेल तर हा मुद्दा कंपनी ठरवायला पुरेसा आहे. याच्या उलट, एनव्हीडियाच्या जी-सिंकचं मॉड्यूल असलेले सुरुवातीचे मॉनिटर एएमडीसोबत सिंक करत नाहीत.

लॅग (माउस हलवणं आणि ते स्क्रीनवर दिसणं यातला उशीर) कमी करण्यासाठी एनव्हीडियाचं रिफ्लेक्स, एएमडीचं अँटी-लॅग २, इंटेलचं एक्सईएलएल. तिन्ही गेममध्ये दिलेली असावी लागतात, रिफ्लेक्स सगळ्यात जुनं म्हणून जास्त गेममध्ये सापडतं. एएमडीचं साधं अँटी-लॅग ड्रायव्हरमधून लागतं पण परिणाम कमी. मधे ड्रायव्हरमधूनच गेममध्ये हात घालणारं अँटी-लॅग प्लस आलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्यामुळे खेळाडूंवर बंदी यायला लागली आणि एएमडीला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून ऑनलाइन स्पर्धात्मक गेममध्ये असली सेटिंग गेमच्या मेनूतूनच लावा, बाहेरून काही घुसवू नका.

स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंग करत असाल तर एव्ही१ एनकोडर (त्या प्रकारात व्हिडिओ बनवणारा चिपचा भाग) बघा, तो आर्क, आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० पासून पुढे आहे. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये हार्डवेअर एनकोडरच नाही. ब्लेंडरसारखी कामं, एआयची टूल्स यांत कुडामुळे (अशी कामं चिपवर चालवणारी एनव्हीडियाची प्रणाली) एनव्हीडियाला कमी खटपट लागते, आणि लिनक्सवर गेम खेळत असाल तर एएमडीचे खुले ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नल आणि मेसामध्येच (ग्राफिक्सचं खुलं सॉफ्टवेअर) येतात त्यामुळे तिकडे एएमडी सोपं.

## ७. पॉवर आणि जागा

स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. त्यावर कार्डाचा आकडा बसवून बघा: आरटीएक्स ४०६० चे ११५ वॉट, बी५८० चे १९०, आरएक्स ९०७० एक्सटीचे ३०४. कार्डाला २ कनेक्टर असतील तर २ वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं वापरून जास्त वॉटचं कार्ड चालवू नका.

थांबा: मॉड्युलर पॉवर सप्लाय बदलताना जुन्या केबल नव्याला लावू नका. कनेक्टर बसतो, पण पॉवर सप्लायच्या बाजूची पिनरचना वेगळी असू शकते आणि हार्डवेअर जळतं. १६ पिनचा नवा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत आत दाबा, मोबाइलच्या टॉर्चने बघा की फट राहिलेली नाही, आणि कनेक्टरच्या तोंडापाशी वायर वाकवू नका.

## ८. कंपनी बदलताना: काढण्याचा आणि बसवण्याचा क्रम

१. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरही (जुना ड्रायव्हर पूर्ण पुसणारं टूल). लोक तो 'डीडीयू' नावाने ओळखतात.

२. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मोबाइलवर किंवा कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती त्याच पीसीत साठवली असेल तर तुम्ही बाहेर अडकलात. खात्याचा पासवर्डही लक्षात असू द्या, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह चालू होतं तो मोड) कधीकधी पिन चालत नाही.

३. इंटरनेट बंद करा, केबल काढा किंवा वायफाय बंद. नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घालतं.

४. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, जुनी कंपनी निवडा आणि 'क्लीन अँड शटडाऊन' घ्या.

५. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, मग पीसीचं पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्क्रू काढा, आधी पॉवर केबल, मग स्लॉटची छोटी खिट्टी दाबून कार्ड सरळ ओढा. ही खिट्टी न दाबता ओढाओढ करून स्लॉट तोडलेले लोक मी पाहिलेत.

६. नवं कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये, खिट्टीचा 'टक' आवाज येईपर्यंत. मॉनिटरची केबल कार्डाला, मदरबोर्डला नाही.

७. पीसी चालू करा, ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट, आणि मगच इंटरनेट जोडा.

८. आता बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डीकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार' चालू करा. यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी चालू करण्याची सोय) बंद करावं लागतं.

थांबा: सीएसएम बंद करायच्या आधी विंडोजची डिस्क जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत, जुनी ती एमबीआर) आहे का ते बघा. डिस्क मॅनेजमेंट, डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे एमबीआर दिसलं तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज चालूच होणार नाही, आधी बॅकअप आणि मग डिस्क जीपीटीत बदलणं.

## ९. पहिल्या दिवशीच्या तपासण्या

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, कार्ड बदललं की तो कित्येकदा ६० वर येऊन बसतो आणि लोक आठवडाभर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० बघत राहतात. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं टूल) उघडा, रिसायझेबल बार 'एनेबल्ड' आहे का, आणि बस इंटरफेसमध्ये लेन पूर्ण दिसतायत का. लेन कमी दिसल्या तर बहुतेकदा कार्ड नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. (रिकाम्या वेळी वेग कमी दाखवतो, त्याला घाबरू नका, त्याच खिडकीतली छोटी रेंडर टेस्ट चालवून बघा.)

प्रत्येक गेमचं ग्राफिक्स सेटिंग एकदा स्वतः उघडा. जुन्या कार्डाचं अपस्केलर सेटिंग तसंच राहतं किंवा गुपचूप दुसऱ्यावर जातं, विशेषतः डीएलएसएसवरून एएमडीकडे आलात की काही गेम थेट नेटिव्हवर (अपस्केलिंगशिवाय पूर्ण रिझोल्युशनवर) जातात आणि मग 'एफपीएस पडले' अशी तक्रार सुरू होते. शेडर (गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होत असल्याने पहिली १५-२० मिनिटं थोडे झटके येणं साहजिक आहे, त्यावरून मत बनवू नका.

मग पायरी १ मधले तेच ५ गेम, प्रत्येकी अर्धा तास, तापमान आणि १ टक्का लो लिहून घेत. स्क्रीनवर रंगीत ठिपके, अचानक काळी स्क्रीन किंवा पीसी आपोआप रीस्टार्ट होणं यातलं काही झालं तर आधी पॉवर केबल पुन्हा बसवून बघा, तरीही होत असेल तर कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत परत द्या. तोवर खोका, आतला फोम आणि कार्डाच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या कडेवरची छोटी प्लास्टिकची टोपी यातलं काहीच टाकू नका.